भिंत पाडण्यापूर्वीं

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण रचणाऱ्या अनुभवी पूर्वजाच्या नजरेंतून एक तिसरी गोष्ट निसटली, असें आम्हांस वारंवार वाटतें. ती म्हणजे, घर पाहावें दुरुस्त करून. नवें घर बांधणाऱ्यास निदान मोकळी जागा तरी मिळते. दुरुस्ती करणाऱ्याचा संसार त्याच घरांत चालू असतो. देव त्याच देव्हाऱ्यांत असतात, मुलांचा अभ्यास त्याच माजघरांत चाललेला असतो, आणि ज्या भिंतीवर घण बसावयाचा तिच्या पलीकडे घरांतील कोणी वृद्ध माणूस दुपारची झोंप घेत असतें. शिवाय नव्या घराच्या पोटांत काय आहे, हें बांधणाऱ्यास माहीत असतें. जुन्या घराच्या पोटांत काय आहे, हें तें फोडल्यावर कळतें, आणि कधीं कधीं फार उशीरां कळतें.

आमच्या कोल्हापुरांतील जुन्या पेठांत हा प्रश्न विशेष बिकट आहे. मंगळवार पेठ, शिवाजी पेठ, शुक्रवार पेठ येथील जुनीं घरें एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभीं आहेत. दगडी जोतें, त्यावर लांकडी खांब आणि तुळया, मध्यें मातीच्या जाड भिंती आणि वर कौलें, अशी त्यांची मूळची रचना. पुष्कळ ठिकाणीं दोन घरांमध्यें एकच सामाईक भिंत असते. ज्याला आपण आपली भिंत म्हणतों तिच्यावर शेजाऱ्याच्याहि तुळया टेकलेल्या असतात. गेल्या पन्नास-साठ वर्षांत प्रत्येक पिढीनें या घरांवर आपापल्या गरजेप्रमाणें हात फिरविला. कोणीं सोप्याचें दुकान केलें, कोणीं परसांत न्हाणीघर बांधलें, कोणीं मागील अर्ध्या भागावरचीं कौलें उतरवून स्लॅब घातला, आणि कोणीं त्या स्लॅबावर पाण्याची टांकी बसविली. परिणाम असा झाला कीं, बाहेरून एक दिसणाऱ्या घरांत आज तीन काळांचीं तीन घरें नांदत आहेत, आणि त्यांचा भार कोणत्या वाटेनें जमिनींत उतरतो हें घरमालकास ठाऊक नाहीं. पुष्कळदां तें काम करणाऱ्यासहि ठाऊक नसतें.

अशा घराची भिंत हलवावयाची झाल्यास ती कोणाच्या हातीं द्यावी? आमचें उत्तर सरळ आहे. ज्याच्यापाशीं त्या कामाचा परवाना आहे, आणि जो आपल्या नांवानें त्या कामाचें उत्तर देण्यास बांधलेला आहे, त्याच्या. हें उत्तर कोणास सरकारी परिपत्रकासारखें नीरस वाटेल. म्हणून तें आम्हांस कां पटलें, हें जरा विस्तारानें सांगतों.

आमच्या गल्लींत एक सेवानिवृत्त शिक्षक राहतात. कन्येचें लग्न ठरलें तेव्हां पुढचा सोपा आणि त्याच्या आंतली खोली एक करून ऐसपैस दिवाणखाना करावा, असें त्यांच्या मनानें घेतलें. कोणा नातलगानें एक मिस्त्री सुचविला. मिस्त्री मोठा हसतमुख आणि कामाचा उरक असलेला होता. त्यानें एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाकिटावर खर्चाचा अंदाज लिहिला आणि निम्मी रक्कम आगाऊ मागितली. मधली भिंत काढल्यावर वरच्या माळ्याचें काय होईल, असें शिक्षकांनीं भीतभीत विचारलें, तेव्हां तो म्हणाला, “काय होत न्हाई ओ मास्तर, मी हाय की!”

मे महिन्याच्या अखेरीस भिंत निघाली. गिलाव्याआड, भिंतीच्या पोटांत एक सागवानी खांब लपलेला होता. मिस्त्रीस तो सांपडला. त्यानें तो काढला, आणि लांकूड अजून चांगलें आहे म्हणून मालकाचें अभिनंदनहि केलें. त्या खांबावर माळ्याची मुख्य तुळई बसलेली होती. पंधरा दिवसांत ती दोन बोटें खालीं आली. तिचें दुसरें टोंक सामाईक भिंतींत होतें, त्यामुळें त्या भिंतीस शेजाऱ्याच्या बाजूनें वरपासून खालपर्यंत तडा गेला. तेवढ्यांत पाऊस लागला. मिस्त्री दोन दिवस आला नाहीं, मग चार दिवस आला नाहीं, आणि मग त्याचा फोनहि लागेनासा झाला. दिवाळीनंतर लग्न झालें तेव्हां घर टेकूंवर उभें होतें, आणि वऱ्हाडी मंडळी टेकू चुकवीत पंगतीला बसत होती.

पैसा गेला, त्याचें शिक्षकांस दुःख झालें. परंतु त्याहून मोठें दुःख पुढें आलें. त्या दोन घरांत चाळीस वर्षांचा घरोबा होता. एका घरची पुरणपोळी दुसऱ्या घरीं गेल्यावांचून होळी होत नसे. तडा गेल्यानंतर शेजाऱ्यांनीं वकिलामार्फत नोटीस पाठविली. दोन्ही घरांचे स्नेही म्हणून आम्हांस मध्यस्थीस बसविण्यांत आलें. त्या बैठकींत आमच्या ध्यानांत एक गोष्ट आली. दोघांसहि कोणाला तरी जाब विचारावयाचा होता. परंतु ज्याला विचारावयाचा तो मनुष्य तेथें नव्हता. म्हणून तो त्यांनीं एकमेकांस विचारला. भिंतीचा तडा पुढें एका परवानाधारक संरचना-अभियंत्यानें लोखंडी तुळई घालून सावरला. माणसांमधला तडा अद्याप तसाच आहे.

या प्रकारांत मिस्त्री दुष्ट होता, असें आम्हांस मुळींच म्हणावयाचें नाहीं. त्याच्या हातांत कसब होतें. त्यानें केलेला गिलावा आजहि गुळगुळीत आहे. ‘काय होत न्हाई’ हें वाक्य तो फसविण्यासाठीं बोलला नाहीं. आपल्याकडे तें धीर देण्याचें वाक्य आहे. आजाऱ्याच्या उशाशीं बसून आपण तेंच म्हणतों. परंतु आजाऱ्यास धीर देणाऱ्यावर औषधाची जबाबदारी नसते, आणि वैद्यावर असते. मिस्त्रीपाशीं धीर होता, कसब होतें. त्या तुळईचा भार किती आणि तो कोठें जाणार, हें काढण्याचें ज्ञान नव्हतें, आणि चुकल्यास त्याला गांठणारी कोणतीहि व्यवस्था नव्हती. ही दुसरी उणीव आम्हांस पहिलीहून मोठी वाटते.

कोणी म्हणेल, आमच्या आजोबांनीं घर बांधलें तेव्हां कोणता परवाना होता? प्रश्न योग्य आहे. परंतु त्या काळीं परवाना नव्हता म्हणजे जामीन नव्हता, असें नाहीं. गांवचा सुतार हा बलुतेदार होता. त्याचें धान्य दर सुगीस त्याच गांवाच्या खळ्यांवरून यावयाचें, आणि त्याच्या मुलानेंहि त्याच गांवांत तेंच काम करावयाचें. त्यानें बसविलेला खांब कलला तर तो रोज त्याच्या डोळ्यांपुढें कललेला दिसे, आणि गांवाच्याहि दिसे. त्याची अब्रू हाच त्याचा परवाना होता. बलुतेपद्धतींत अन्याय पुष्कळ होते, ती परत यावी असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु काम करणारा आणि करविणारा यांची उद्यां पुन्हां गांठ पडणार आहे, ही खात्री तींत होती. आज ती खात्री राहिली नाहीं. आज आपल्या घरची तुळई काढणारा मनुष्य पुढच्या महिन्यांत दुसऱ्या तालुक्यांत असतो. त्याच्या अब्रूचें क्षेत्र आपल्या गल्लीशीं जुळत नाहीं. परवाना ही त्या हरवलेल्या ओळखीची भरपाई आहे.

कोल्हापूरकरांस हें समजावून सांगण्याची खरें पाहतां गरज पडूं नये. खासबागेच्या मैदानांत नवा मल्ल उतरला कीं आपण पहिला प्रश्न विचारतों, “कुठल्या तालमीचा?” मोतीबाग कीं गंगावेस, कीं शाहूपुरी, हें कळलें कीं त्याच्या मागें कोणता वस्ताद उभा आहे हें कळतें. घटकाभराच्या कुस्तीसाठीं आपण एवढी चौकशी करतों. आणि ज्या छपराखालीं मुलाबाळांसह पुढचीं तीस वर्षें निजावयाचें तें छपर कोणाच्या स्वाधीन करीत आहों, याची चौकशी मात्र पानपट्टीच्या दुकानावर पुरी होते.

बांधणाऱ्यानें उत्तर दिलें पाहिजे, हा विचार कांहीं आजचा नाहीं. इ. स. पूर्व अठराव्या शतकांतील बाबिलोनच्या हम्मुराबी राजाच्या कायद्यांत, घर कोसळून मालक मेला तर बांधणाऱ्यास देहान्ताची शिक्षा सांगितलेली आहे. ती वाचून अंगावर कांटा येतो. त्यापेक्षां विट्रुव्हिअस या रोमन ग्रंथकारानें नमूद केलेला एफेसस नगरीचा जुना कायदा आम्हांस अधिक शहाणपणाचा वाटतो. तेथें सार्वजनिक इमारतीचें काम घेणाऱ्या वास्तुकारास आधीं खर्चाचा आंकडा द्यावा लागे, आणि काम पुरें होईपर्यंत त्याची मालमत्ता न्यायाधिकाऱ्याकडे तारण राही. खर्च आंकड्याच्या चौथाईपर्यंत वाढला तर ती वाढ सरकार सोशी. त्याहून अधिक वाढला तर तो त्याच्या मालमत्तेंतून वसूल होई. असा कायदा रोममध्यें खासगी घरांनाहि लागू असता तर किती बरें झालें असतें, अशी हळहळ विट्रुव्हिअसनें व्यक्त केली आहे. दोन हजार वर्षें लोटलीं. आगाऊ रक्कम देऊन बसलेल्या गृहस्थाची हळहळ आजहि तीच आहे.

आतां आपल्याकडील आजची व्यवस्था पाहूं. वास्तुविशारदाची नोंदणी १९७२ च्या कायद्यानें स्थापन झालेल्या वास्तुकला परिषदेकडे होते. अभियंता, संरचना-अभियंता आणि बांधकाम-पर्यवेक्षक यांस महानगरपालिका परवाना देते. कोणत्या परवान्यावर किती मोठें काम हातीं घेतां येतें, तेंहि ठरलेलें असतें. नळकाम करणाऱ्या प्लंबरासहि महानगरपालिकेचा परवाना असतो. विजेचें काम करणाऱ्या ठेकेदारास राज्य शासनाचा परवाना लागतो. परंतु खासगी घराचें दगडविटांचें काम अंगावर घेणाऱ्या सामान्य ठेकेदारास असा सक्तीचा परवाना नाहीं, ही गोष्ट पुष्कळांस माहीत नसते. एखाद्या पाटीवर ‘शासनमान्य ठेकेदार’ अशीं ठळक अक्षरें असतात. त्यांचा अर्थ बहुधा एवढाच कीं, सार्वजनिक बांधकाम खात्याकडे सरकारी कामांसाठीं त्याची नोंद आहे. तुमच्या माजघराच्या भिंतीशीं त्या नोंदीचा संबंध नाहीं. म्हणून घराच्या सांगाड्यास हात लावावयाचा असेल तर ठेकेदाराच्या वर एक परवानाधारक अभियंता असलाच पाहिजे, आणि कागदावर त्याचें नांव असलें पाहिजे.

प्रत्येक दुरुस्तीसाठीं अभियंता बोलवा, असा आमचा हट्ट नाहीं. रंग, गिलावा, फरशी, फुटकीं कौलें बदलणें, अशा किरकोळ कामांस महानगरपालिकेची परवानगी लागत नाहीं. परंतु घराचा भार वाहणारी भिंत, खांब, तुळई वा स्लॅब यांत फेरफार करणें ही गोष्ट वेगळी. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या भाषेंत तो ‘विकास’ ठरतो, आणि त्यास परवानगी लागते. डिसेंबर २०२० मध्यें राज्याच्या बहुतेक भागासाठीं जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली मंजूर झाली, तीहि किरकोळ दुरुस्ती आणि सांगाड्याचा फेरफार यांत असाच भेद करते. अडचण ही कीं, कोणती भिंत भार वाहते आणि कोणती नुसता आडोसा आहे, हें डोळ्यांस दिसत नाहीं. आमच्या गल्लींतल्या त्या भिंतीनें आपला खांब दोन पिढ्या कोणास दिसूं दिला नाहीं.

न दिसणाऱ्या गोष्टी सिमेंटच्या घरांतहि पुष्कळ असतात. भिंतीबाहेर आलेल्या सज्जाचें उदाहरण घ्या. खोलीच्या स्लॅबांत मधल्या भागीं मुख्य सळई खालच्या अंगास असते. सज्जांत मात्र ती वरच्या अंगास असते, कारण तेथें ताण वर पडतो. जुनी फरशी उकरतांना मजुराच्या छिन्नीनें ती सळई तुटली, तर वरून नवी फरशी कितीहि सुंदर बसवा, सज्जाचा कणाच मोडलेला असतो. काँक्रीटचा माल कालवतांना पाणी थोडें जास्त घातलें कीं तो सैल होतो, भरावयास सोपा जातो आणि मजूर खूष होतात. परंतु वाळल्यावर तो तितकाच कमजोर राहतो. त्याची ताकद २८ दिवसांच्या हिशेबानें मोजतात, आणि साडेचार मीटरहून अधिक गाळ्याच्या स्लॅबाखालचे टेकू एरव्हीं १४ दिवसांच्या आंत काढूं नयेत असें भारतीय मानक सांगतें. फळ्या दुसऱ्या कामावर न्यावयाच्या म्हणून सातव्या दिवशीं टेकू काढणारे आम्हीं पाहिले आहेत. जुन्या मातीच्या वा चुन्याच्या भिंतीवर घट्ट सिमेंटचा गिलावा चढविला तर आंतली ओल आंतच कोंडते आणि भिंतींतलें लांकूड कुजूं लागतें. यांतली एकहि गोष्ट काम संपल्याच्या दिवशीं दिसत नाहीं. त्या दिवशीं सर्वच कामें सारखीं सुरेख दिसतात.

विजेचें तर विचारूंच नये. १९५६ च्या विद्युत् नियमांतच असें स्पष्ट सांगितलें होतें कीं दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलण्यासारखीं कामें सोडून घरांतील वीजजोडणींत कोणतीहि भर, फेरफार वा दुरुस्ती करावयाची ती परवानाधारक ठेकेदाराकडूनच आणि प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखालीं. केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या पुढील नियमांतहि तेंच तत्त्व कायम राहिलें. आम्हां कोल्हापूरकरांस त्याचें महत्त्व पंचगंगेनें दोनदां शिकविलें. राजाराम बंधाऱ्यापाशीं नदीची धोक्याची पातळी ४३ फूट मानतात. ऑगस्ट २०१९ मध्यें आणि पुन्हां जुलै २०२१ मध्यें ती ५५ फुटांच्याहि वर गेली. पाणी ओसरल्यावर शाहूपुरींत, शुक्रवार पेठेंत घरोघर एकच घाई उडाली. चिखल काढावा, भिंती रंगवाव्या, दिवे लावावे आणि माणसांत यावें, ही इच्छा अगदीं साहजिक होती. परंतु जी नळी पाण्यांत बुडून गेली तिच्यांतल्या तारा वरून कोरड्या दिसल्या तरी जोडांत गंज आणि गाळ धरून बसतात. अशा वेळीं अर्थिंगची तार नीट आहे कीं नाहीं, आणि ३० मिलिअँपियर इतकी गळती होतांच प्रवाह तोडणारा स्विच बसविला आहे कीं नाहीं, यावर ओल्या भिंतीस टेकलेल्या मुलाचा जीव अवलंबून असतो. ही तपासणी यंत्रानें करून, तिचा अहवाल सही करून देण्याचें काम परवानाधारकाचें. बोर्ड हातभर वर सरकवून ‘झालं बघा’ म्हणणाऱ्याचें तें काम नव्हे.

हीं लहान घरांचीं उदाहरणें झालीं. जेथें एका छपराखालीं अनेक कुटुंबें राहतात तेथें एका बिऱ्हाडाची दुरुस्ती सर्वांच्या जिवाशीं येऊं शकते. २५ जुलै २०१७ रोजीं मुंबईंत घाटकोपर येथील सिद्धिसाई ही निवासी इमारत कोसळली आणि १७ माणसें मृत्युमुखीं पडलीं. तळमजल्यावर फेरफाराचें काम चालू होतें, आणि त्यांत इमारतीच्या खांबांस हात लावला गेला असा आरोप रहिवाशांनीं केला. वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांनीं कोणतीहि भिंत पाडली नव्हती. आमच्या पेठेंतील सामाईक भिंत आणि त्या इमारतीचा खांब यांत तत्त्वतः भेद नाहीं. आपल्या जागेंत आपण वाटेल तें करूं, हें वाक्य ज्याचें घर रानांत एकटें उभें आहे त्यानेंच बोलावें.

परवान्याविरुद्ध दोन आक्षेप नेहमीं घेतले जातात, आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला खर्चाचा. अभियंत्याची फी, नकाशा, परवानगी, बिलावरचा कर यांनीं आंकडा वाढतो, हें खरें. मध्यमवर्गीय गृहस्थास एकेक हजार मोजून खर्चावा लागतो, हें आम्हांस कोणी सांगावयास नको. आम्हीहि पगारावर जगलेलों माणसें. परंतु आमच्या वर्गाची एक खोड आहे. इटालियन फरशीसाठीं आम्ही चार दुकानें हिंडतों आणि शेवटीं महागच घेतों, कारण ती पाहुण्यांस दिसते. अभियंत्याचा सल्ला पाहुण्यांस दिसत नाहीं, म्हणून तो आम्हांस महाग वाटतो. शिवाय स्वस्त कामाचा एक गुप्त खर्च असतो. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें विकासकाकडून घेतलेल्या नव्या सदनिकेंत ताबा मिळाल्यापासून पांच वर्षांच्या आंत सांगाड्याचा दोष निघाला तर तो विनामूल्य दुरुस्त करून मिळण्याचा हक्क दिला आहे. जुन्या घराच्या दुरुस्तीस तें संरक्षण नाहीं. तेथें आपला हक्क आपल्या करारनाम्यांत जेवढा लिहिला असेल तेवढ्यावरच मुख्यतः उभा असतो. ग्राहक आयोगाचें दार उघडें आहे, बांधकाम ही सेवा म्हणून कायद्यानें मानलेली आहे; परंतु त्या दारांतून आंत जातांना हातांत करार आणि पावती लागते. लग्नपत्रिकेचें पाकीट घेऊन तेथें फारसें कांहीं पदरांत पडत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. परवाने सहीपुरते मिळतात. नकाशावर एकाची सही असते आणि कामावर दुसराच असतो, असें लोक म्हणतात. हें घडत नाहीं असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. परंतु त्यावरून परवाना निरर्थक ठरत नाहीं. खोटें नाणें बाजारांत आलें म्हणून कोणी नाणें वापरणें सोडीत नाहीं. तें वाजवून घेतो. परवानाहि वाजवून घ्यावा. तो कोणत्या वर्गाचा आहे, त्याची मुदत संपली आहे काय, हें पाहावें, आणि महानगरपालिकेच्या नगररचना विभागांत एकदां चौकशी करावी. ज्याची सही त्यानेंच भिंत काढण्याच्या दिवशीं जातीनें हजर राहावें, ही अट लिहून घ्यावी. करारांत काम, मापें, मालाचा दर्जा आणि मुदत लिहावी. पैसे महिन्यांप्रमाणें न देतां कामाच्या टप्प्यांप्रमाणें द्यावे, आणि कांहीं रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावी. सचोटीचा मनुष्य या अटींनीं रागावत नाहीं. ज्याला राग येतो त्याच्याविषयीं निर्णय घेणें सोपें होतें.

परवान्याचा आग्रह म्हणजे मिस्त्री-गवंड्यांच्या पोटावर पाय, असेंहि आम्हांस वाटत नाहीं. परवानाधारकाच्या देखरेखीखालीं काम करणारा गवंडी अधिक सुरक्षित असतो. भिंत चुकीची काढली गेली तर ती प्रथम त्याच्याच अंगावर येते. पहाडावर चढणाऱ्या मजुराच्या कमरेस दोर आहे काय, हें पाहणारा कोणी तरी असावा, एवढी माणुसकी तरी घरमालकानें विकत घ्यावी.

आमच्या स्वतःच्या घरांतील अनुभव सांगितल्यावांचून हें लिखाण पुरें होणार नाहीं. स्वयंपाकघर आणि माजघर यांमधली भिंत काढून एकच मोठी जागा करावी, अशी आमच्या सौभाग्यवतींची पुष्कळ दिवसांची इच्छा होती. आमच्या महाविद्यालयांत एके काळीं अकरावी-बारावीच्या वर्गांत मागच्या बाकावर बसणारा एक विद्यार्थी आज परवानाधारक संरचना-अभियंता आहे. त्याला बोलाविलें. तो दोन तास घरांत हिंडला. माळ्यावर चढला, भिंत ठिकठिकाणीं ठोकून पाहिली, दोन ठिकाणीं गिलावा खरवडला, जोत्याच्या दगडांकडे बाहेरून पाहून आला आणि कागदावर कांहीं आंकडे मांडले. मग चहा घेतां घेतां म्हणाला, “सर, ही भिंत काढायची नाही. वहिनींना जागा मोठी वाटायला हवी असेल, तर वरच्या तुळईच्या खाली हात न लावता इथं साडेतीन फुटांची खिडकी काढून देतो.” सौभाग्यवतींचा चेहरा जरा उतरला, पण त्यांनीं विचारलें, “आणि काढलीच तर?” तो म्हणाला, “तर त्या कागदावर मी सही करणार नाही.”

त्या एका वाक्यासाठीं आम्हीं त्याची फी आनंदानें दिली. ‘होय’ म्हणणारीं माणसें बाजारांत फुकट मिळतात. ज्याचा ‘होय’ मोलाचा ठरावा असा ‘नाहीं’ म्हणणारा मनुष्य पैसे देऊन आणावा लागतो. परवाना गमावण्याची भीति ज्याला असते त्यालाच नाहीं म्हणणें परवडतें. ज्याच्यापाशीं गमावण्यासारखें कांहीं नाहीं तो सर्वांस होय म्हणत जातो. खिडकी झाली. तींतून माजघरांत बसलेल्यांस आतां भाकरीचा वास येतो आणि स्वयंपाक करणारीस गप्पांत भाग घेतां येतो. भिंत जागच्या जागीं आहे.

आमच्या शहरांत पाहुणे आले कीं आपण त्यांस नवा राजवाडा दाखवितों. १८७७ ते १८८४ या काळांत बांधलेल्या या वास्तूचा आराखडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज लष्करी अभियंत्यानें केला. येथील टाउन हॉलहि त्याचाच, आणि बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचा मूळ आराखडाहि त्याचाच. १८८१ सालीं, राजवाडा पुरा होण्यापूर्वींच तो वारला. शेवटच्या दिवसांत आपलें गणित चुकलें आहे, आपण रचलेल्या इमारती कोसळतील, या भयानें त्याच्या मनाचा तोल गेला, असें सांगतात. राजवाड्याचा मनोरा आज सुमारें एकशें चाळीस वर्षें कोल्हापूरच्या पावसांत उभा आहे. १९६७ सालच्या कोयनेच्या भूकंपानेंहि तो पाडला नाहीं.

मँटची ती व्यथा कोणाच्या वांट्यास येऊं नये. परंतु तिच्यांतला थोडासा अंश, आपल्या कामाखालीं माणसें निजणार आहेत ही जाणीव, ज्याच्या मनांत आहे आणि ज्याची सही कागदावर आहे, अशाच मनुष्याच्या हातीं घराची भिंत द्यावी. घराच्या खर्चाच्या यादींत त्याचें नांव सर्वांत वर लिहावें. फरशीचा रंग मागाहून ठरवितां येतो.